कीविनॉच्या बर्फात तीन दिवस आणि हँडलबारवरचा जीपीएस

जानेवारीच्या शेवटी मेहुणा आणि मी ट्रेलरवर दोन स्नोमोबिल (बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या) चढवून शिकागोहून निघालो. मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, लेक सुपीरियरमध्ये घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर पोचायला जेवणखाण धरून सगळा दिवस गेला. इथे बर्फ किती पडतो हे सांगायला मोहॉक गावापुढे हायवेलगत एक उंच पट्टी उभी केली आहे. 1978-79 च्या हिवाळ्याचा आकडा तिच्या टोकाला आहे: 390.4 इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट. मेहुण्याला पट्टीखाली उभं करून फोटो काढला, तर पठ्ठ्या शोधावा लागतो.

स्नोमोबिलसाठी आखलेल्या वाटांवर, म्हणजे ट्रेलवर, नंबरांच्या पाट्या आहेत. पण बर्फ भुरभुरायला लागला की पाटीवर थर चढतो आणि फाट्यावर दोन्ही वाटा सारख्याच पांढऱ्या. कॅल्युमेट गाव सोडून वर कॉपर हार्बर गावाकडे निघालं की मोबाइलची रेंजही बेभरवशाची. मेहुणा म्हणाला, "फोन आहे की!" उणे 5 फॅरनहाइटला, म्हणजे सेल्सियसमध्ये उणे 20 च्या आसपास, जॅकेटबाहेर काढलेला तो फोन अर्ध्याहून जास्त चार्ज दाखवत असतानाच बंद पडला. दुपारभर खिशात, अंगाच्या उबेला ठेवला, तेव्हा जागा झाला.

माझ्याकडे गार्मिन कंपनीचा माँटाना 700 हा जीपीएस आहे. पाच इंची पडदा हातमोजे घालूनही चालतो, पण स्नोमोबिलचे जाड हातमोजे म्हणजे बोटांना गादी बांधल्यासारखं. एकावर टेकवावं तर दोन गोष्टी दाबल्या जातात. त्यात काचेवर बर्फ वितळून थेंब साचले की नकाशा आपला आपण सरकायला लागतो. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी बटणांचा घेईन. गार्मिनच्याच जीपीएसमॅप 66एस चा पडदा तीनच इंची, पण तो डबल ए सेलवर चालतो. त्यात लिथियमचे सेल घाला. अल्कलाइन या थंडीत मान टाकतात. आणि कुठलाही घ्या, स्नोमोबिल ट्रेलचा नकाशा त्यात आहे का ते घरीच बघा. मूळ नकाशात रस्ते असतात, तळी असतात, ट्रेल बहुधा नसतात. ते कार्डावर वेगळे घालावे लागतात. तिथल्या स्नोमोबिल क्लबचा कागदी नकाशाही जवळ ठेवा. लाकूडतोडीसाठी ट्रेल वळवतात, ते जुन्या डिजिटल नकाशाला ठाऊक नसतं.

आता माझा पराक्रम. गाडीच्या काचेला चिकटवायचा रबरी कप होता, तोच मी विंडशील्डवर लावला. होटन गावाच्या पार्किंगमध्ये ओढून पाहिला, घट्ट होता. थंडीत रबर कडक होतं हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका थांब्यावर मेहुण्याने विचारलं, "दाजी, तुमचा जीपीएस कुठाय?" विंडशील्डवर कपाचा गोल डाग तेवढा उरला होता.

आलो त्याच वाटेने, उजवी कड धरून, सावकाश मागे गेलो. अंधार पडत होता आणि तेच पथ्यावर पडलं. एका उतारावर, ट्रेलच्या काठच्या भुसभुशीत बर्फाआडून निळसर उजेड येत होता. देव्हाऱ्यातली समई पडद्याआडून दिसावी तसा. हातभर उकरलं, तर हा आत शांतपणे आमची वाट आखत बसलेला.

मेहुण्याने मात्र काम नीट केलं होतं. हँडलबारला नट-बोल्टने आवळलेला क्लॅम्प, त्यावर रॅम कंपनीची एक इंची बॉलची छोटी दांडी, वर जीपीएसचा पाळणा. बसवताना दोन गोष्टी बघायच्या. हँडल डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण वळवा. दांडी विंडशील्डला अडता कामा नये, वायर ताणता कामा नये. मग हेल्मेट घालून बसा. मान न वाकवता, नुसती नजर खाली टाकून पडदा दिसला पाहिजे. उजव्या अंगठ्याचा थ्रॉटल (वेग वाढवायचा खटका), डाव्या हाताचा ब्रेक आणि इंजिन बंद करणारी दोरी, यांच्या आड काही येऊ देऊ नका. जीपीएसला वेगळी दोरी हवीच. मी आता भगवी बांधली आहे, पांढऱ्यात ओळखू यावी म्हणून.

विजेचं गणित दोघांचं वेगळं निघालं. मेहुण्याच्या स्नोमोबिलला बॅटरी आहे. तिच्याजवळ फ्यूज घालून, किल्लीबरोबर चालू-बंद होईल अशी वायर त्याने घेतली. माझी जुनी, दोरी ओढून सुरू होणारी. बॅटरीच नाही. इंजिन फिरेल तेव्हाच वीज, तीही एसी आणि कमीजास्त होणारी. ती वीज एकसारखी आणि डीसी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर न लावता तिथे जीपीएस जोडला तर तो जळू शकतो. मी जीपीएसच्या स्वतःच्या बॅटरीवर भागवलं आणि रात्री खोलीत चार्ज केला. आणल्या आणल्या प्लग लावू नका, आधी तासभर उबेत ठेवा. गोठलेली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केली की खराब होते.

शेवटच्या दिवशी हॅनकॉकहून होटनला पोर्टेज लेकच्या उचलपुलावरून आलो. हिवाळ्यात त्याचा खालचा मजला स्नोमोबिलना मोकळा असतो. वर मोटारी, खाली आपण. माझ्या मनगटावर साडेआठ वाजले होते. जेवायला एका ठिकाणी शिरलो, तर स्वयंपाकघर नुकतंच बंद झालेलं. होटन पूर्वेकडच्या वेळेवर चालतं, शिकागोच्या एक तास पुढे. जीपीएस पहिल्या दिवसापासून बरोबर वेळ दाखवत होता, बघितलं कोणी! त्या रात्री मेहुण्याच्या डब्यात त्याच्या बहिणीने दिलेल्या गुळपोळ्या मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्या.