विमानाची बॅटरी निवडताना वजन आधी, क्षमता नंतर

विजेवर उडणाऱ्या रेडिओ-नियंत्रित विमानासाठी बॅटरी घ्यायची म्हटले की बहुतेक जण सर्वांत आधी एमएएचचा (मिलीअँपिअर-तास, म्हणजे क्षमतेचा) आकडा पाहतात आणि परवडेल तेवढी मोठी बॅटरी घेऊन येतात. ‘काका, मोठी बॅटरी टाकली की जास्त वेळ उडणार ना?’ हा इंदुरातल्या सुदामा नगरातल्या एका मुलाचा प्रश्न रास्तच होता. उडेल, पण आकड्यावरून वाटते तेवढा वेळ नाही, आणि त्या वाढीव मिनिटांची किंमत विमान उतरताना मोजावी लागते. त्याला मैदानात उभ्या उभ्या जे सांगता आले नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम सेलची संख्या ठरवावी, कारण तेथे आपल्या आवडीनिवडीला फारसा वाव नसतो. या विमानांत वापरल्या जाणाऱ्या लायपोच्या, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या, एका सेलचा नाममात्र विद्युतदाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावरचा ४.२ व्होल्ट असतो. म्हणून तीन सेलच्या, म्हणजे ३एस बॅटरीवर ११.१ व्होल्ट लिहिलेले असते आणि चार्जरवरून काढताना ती १२.६ व्होल्ट दाखवते. मोटर, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे यंत्र) आणि प्रॉप (विमानाच्या नाकावरचा पंखा) हे तिन्ही ज्या दाबासाठी निवडलेले असतात, तोच दाब बॅटरीने द्यायला हवा. मोटर व प्रॉप तेच ठेवून ३एसच्या जागी ४एस लावली, तर दाब वाढतो एकतृतीयांशाने, पण प्रवाह साधारणपणे दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जे विमान पूर्ण थ्रॉटलला १८ अँपिअर घेत होते ते ३२ अँपिअरच्या आसपास मागू लागते आणि ३० अँपिअरची ईएससी जळण्याची वेळ येते. ४एस लावायचीच असेल तर प्रॉप लहान करावा लागतो.

हा प्रवाह अंदाजाने न ठरवता वॉटमीटर लावून मोजावा, असा माझा आग्रह आहे. भरलेली बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये मीटर जोडावा, विमान घट्ट बांधावे, प्रॉपच्या समोर किंवा त्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये, आणि काही सेकंद पूर्ण थ्रॉटल देऊन आकडा वाचावा. सुमारे एक किलो वजनाचे, १.२ मीटर पंखांचे शिकाऊ विमान ३एसवर १८ अँपिअर घेत असेल, तर ती सुमारे २०० वॉट शक्ती झाली आणि अशा विमानाला तेवढी भरपूर होते.

आता सी-रेटिंग, म्हणजे बॅटरी आपल्या क्षमतेच्या किती पट प्रवाह देऊ शकते तो आकडा. २२०० एमएएच आणि २५सी म्हणजे कागदावर ५५ अँपिअर. लेबलवरचे हे आकडे बरेचदा फुगवलेले असतात. त्यामुळे आपल्या मोजलेल्या प्रवाहाच्या दुप्पट-तिप्पट आकडा लेबलवर असला की निश्चिंत व्हावे आणि त्यापुढच्या ७०सी-१००सीच्या मागे लागून जादा पैसा व जादा वजन पदरात घेऊ नये. बॅटरीची खरी प्रकृती कळते ती अंतर्गत रोधावरून, आणि हल्ली अनेक चार्जर तो दाखवतात. प्रत्येक सेलचा रोध ५ मिलीओहम असेल तर १८ अँपिअरला तीन सेलमध्ये मिळून पाव व्होल्टच्या आसपास दाब गळतो. तोच प्रति सेल १५ मिलीओहमवर गेला की ०.८ व्होल्ट गळतो आणि जवळजवळ १५ वॉट उष्णता बॅटरीच्या पोटातच निर्माण होते. अशी बॅटरी उतरल्यावर हाताला चांगलीच गरम लागते आणि पुढे फुगू लागते.

वजनाचा हिशेब मात्र बारकाईने करावा. २२०० एमएएचची ३एस बॅटरी साधारण १८५ ग्रॅमची, तर ३३००ची २७० ग्रॅमच्या घरात असते. क्षमता दीडपट झाली, पण एक किलोच्या विमानावर ८५ ग्रॅम चढले. आणि सरळ उड्डाणाला लागणारी शक्ती वजनापेक्षा वेगाने वाढत असल्यामुळे उड्डाणाचा काळ दीडपट न होता जेमतेम एकतृतीयांशाने वाढतो. २२००च्या बॅटरीतले ८० टक्केच वापरायचे ठरवले आणि सरासरी १० अँपिअर धरले, तर दहा मिनिटे मिळतात. नवशिक्याच्या हातांना आणि डोळ्यांना एका वेळी तेवढी पुरतात. त्यापेक्षा दोन लहान बॅटऱ्या घ्याव्यात: विमान हलके राहते आणि मधल्या विश्रांतीत मोटरही निवते.

आमच्या इंदुरात या हिशेबाला एक स्थानिक कारणही आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, आणि मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की येथल्या हवेची घनता जानेवारीतल्या पहाटेपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. विरळ हवेत प्रॉपची ओढ घटते आणि विमानाला तरंगत राहण्यासाठी अधिक वेग लागतो. विमानतळ पश्चिमेला असल्यामुळे आम्ही विरुद्ध दिशेला, नेमावर रोडपलीकडे, शेतमालकांच्या परवानगीने उडवतो; गहू निघाल्यावर तेथल्या काळ्या मातीला अशा भेगा पडतात की वेगाने उतरणाऱ्या जड विमानाचे चाक त्यात अडकून लँडिंग गिअर मुळासकट उपटून येतो. उन्हाळ्यात हलकी बॅटरी लावावी आणि सकाळी लवकर उडवावे. बंद मोटारीत बॅटऱ्या मुळीच ठेवू नयेत. उडून आलेली गरम बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जवर लावू नये.

विकत घेण्याआधी बॅटरीच्या कप्प्याची लांबी-रुंदी मोजून न्यावी. बॅटरी पुढे-मागे सरकवून गुरुत्वमध्य विमानाच्या नकाशात दाखवलेल्या जागी आणता आला पाहिजे; त्यासाठी नाकात शिसे भरावे लागत असेल, तर तेवढ्यापुरती थोडी मोठी बॅटरी घेणे शहाणपणाचे. कनेक्टर सर्व बॅटऱ्यांना एकाच जातीचा ठेवावा. मी एक्सटी६० वापरतो, कारण त्याची उलटी जोडणी होत नाही. कनेक्टर बदलताना एका वेळी एकच तार कापावी, नाहीतर कात्रीच्या पात्यातून शॉर्ट होतो.

इथल्या जेल रोडवर किंवा कुठेही समोरासमोर खरेदी करता येत असेल, तर तीन गोष्टी पाहाव्यात. आवरण सपाट व घट्ट असावे, जरासुद्धा फुगवटा किंवा गोडसर वास नको. बॅलन्स वायरला, म्हणजे प्रत्येक सेलपासून निघालेल्या बारीक तारांच्या जोडणीला, सेल-चेकर (सेलचा दाब दाखवणारे छोटे यंत्र) लावला की तिन्ही सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणि एकमेकांच्या अगदी जवळ दिसावेत, ३.८४, ३.८३ आणि तिसरा ३.६१ असे दिसले तर ती बॅटरी स्वस्तातही घेऊ नये. आणि दुकानदाराकडे तोच माल किती दिवस पडून आहे हे विचारावे, कारण लायपो न वापरताही म्हातारी होते.

चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे सर्व सेल सारखे भरणाराच हवा. २२००च्या बॅटरीला २.२ अँपिअरने, दगडी फरशीवर, नजरेसमोर चार्ज करावे. रात्री लावून झोपू नये. उडवून झाल्यावर विश्रांतीतला दाब प्रति सेल ३.७ व्होल्टच्या खाली गेलेला नसावा, यासाठी ट्रान्समीटरवर टायमर लावावा. ईएससी दाब उतरल्यावर मोटर बंद करते ती शेवटची सोय आहे, रोजची पद्धत नव्हे. पावसाळ्यात शेते सोयाबीनने भरली की उड्डाणे थांबतात. त्या काळात बॅटऱ्या प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून, पत्र्याच्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवाव्यात आणि अधूनमधून चेकर लावून पाहावे.