हॅस्वेल डेस्कटॉपचं एडिटिंग मशीन: काम कुठवर आलं

मशीन असं: कंपनीचा तयार टॉवर, क्यू८७ चिपसेट, इंटेल कोअर आय५-४५७० (४ कोअर, ४ थ्रेड, ३.२ गिगाहर्ट्झ), ८ जीबी डीडीआर३, १ टीबीची ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क, २९० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). वेगळं ग्राफिक कार्ड नाही. काम असं: कॅमेऱ्याचं १०८०पी एच.२६४ फुटेज, फोनचं ४के एचईव्हीसी १०-बिट फुटेज (एच.२६४ आणि एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धती), २५ फ्रेमची टाइमलाइन, दोन-तीन ट्रॅक आणि थोडं कलर करेक्शन.

हॅस्वेल ही इंटेल प्रोसेसरची २०१३ची, म्हणजे चौथी पिढी. इंटेलमध्ये एव्हीएक्स२ (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांचा संच) पहिल्यांदा आलं ते हिच्यातच. आताची काही एडिटिंग सॉफ्टवेअर एव्हीएक्स२ मागतात, त्यामुळे आधीच्या सँडी ब्रिज किंवा आयव्ही ब्रिज पिढ्यांवर या कामासाठी पैसे घालू नयेत. तिथे पुढच्या एखाद्या अपडेटला सगळंच अडकू शकतं.

आधी मोजणी

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडायचा, टाइमलाइनवर अडखळणारी क्लिप चालवायची आणि सीपीयू, मेमरी, डिस्क, जीपीयू हे चारही आलेख बघायचे. या मशीनवर फोनची क्लिप लावली की चारही कोअर शंभर टक्क्यांवर आणि डिस्क जवळजवळ रिकामी. यात नवल काहीच नाही. सेकंदाला १०० मेगाबिटचं फुटेज म्हणजे फक्त १२.५ एमबी. जुनी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना त्याच्या कितीतरी पट देते.

खरं ओझं डिकोडिंगचं, म्हणजे दाबून साठवलेलं फुटेज उलगडण्याचं आहे. एच.२६४ आणि एचईव्हीसीमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, आधीच्या-नंतरच्या फ्रेमपासूनचा फरक तेवढा असतो. प्लेहेड मध्येच कुठे ठेवला तर ती एक फ्रेम दाखवायला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळ्या उलगडत यावं लागतं. हॅस्वेलच्या क्विक सिंकला (सीपीयूच्या आतल्या ग्राफिकमधल्या, व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला) ८-बिट एच.२६४ उलगडता येतं, एचईव्हीसी येत नाही. इंटेलमध्ये ८-बिट एचईव्हीसी पूर्ण हार्डवेअरवर आलं सहाव्या पिढीत आणि १०-बिट सातव्या पिढीत. म्हणून फोनचं फुटेज इथे सगळं सीपीयूच्या माथी येतं. अशा मशीनला एसएसडी लावून टाइमलाइन सुरळीत होईल अशी आशा धरणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एसएसडी लागतोच, पण त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

धूळ, पेस्ट, तापमान

सीपीयू आणि कूलरमधली पेस्ट जुनी असेल तर एक्स्पोर्ट सुरू झाल्यावर मिनिटाभरात कोअर १०० अंशांच्या मर्यादेला टेकतात आणि सीपीयूचा वेग खाली येतो. अशा स्थितीत घेतलेली कुठलीही मोजणी फसवी, म्हणून हे काम आधी.

कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करून घ्या, पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, चारही स्क्रू कर्णरेषेत अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. कूलर सरळ वर ओढायचा नाही, डावी-उजवीकडे हलका पिळायचा. एलजीए सॉकेटमध्ये लोखंडी झाकण सीपीयूला धरून ठेवतं. एएमडीच्या पिनवाल्या जुन्या सॉकेटमध्ये मात्र ओढलात तर सीपीयू कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट मधोमध खडूच्या भुकटीसारखी कोरडी आणि कडेला चिकट निघते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन सीपीयू आणि कूलरचा तळ दोन्ही आरशासारखे होईपर्यंत पुसायचे. नवी पेस्ट मधोमध मटाराच्या लहान दाण्याएवढी पुरते. बोटाने पसरू नका. स्क्रू परत कर्णरेषेतच आवळायचे, एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर पेस्ट एकीकडे सरकते.

हवेचा झोत मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवावं. सीआर२०३२ बॅटरीही याच वेळी बदलली. ती उतरली की बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमचं) सेटिंग पुसलं जातं, आणि पुढच्या टप्प्यात नेमकं तेच महागात पडतं.

एसएसडी आणि बायोसमधला सापळा

तयार टॉवरमध्ये साटा मोड (बोर्डाने डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारं बायोसमधलं सेटिंग) पुष्कळदा 'रेड' वर असतो. तो थेट 'एएचसीआय' केला की विंडोज निळ्या पडद्यावर थांबते, कारण बूट होताना तिने एएचसीआयचा ड्रायव्हर उचललेलाच नसतो. क्रम असा: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबवर सेफ बूटला खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा आत या, खूण काढा, परत रीस्टार्ट. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. आणि बॅटरी उतरून बायोस मूळ सेटिंगवर गेलं तर मोड परत 'रेड' होतो, तोच निळा पडदा पुन्हा दिसतो आणि लोक एसएसडीला दोष देत बसतात.

सिस्टिमसाठी ५०० जीबीचा साटा एसएसडी लावला. क्यू८७वर सहाही साटा पोर्ट ६ गिगाबिटचे असू शकतात. एच८१ चिपसेटच्या बोर्डवर दोनच तसे, बाकीचे ३ गिगाबिटचे, तेव्हा पोर्टचा रंग आणि बोर्डवरचा छापील क्रमांक बघून केबल लावा.

कॅश (तात्पुरत्या फाइली) आणि प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) यांसाठी एनव्हीएमई (साटाऐवजी पीसीआयईवरून चालणारा एसएसडी) ठरवला आहे, साध्या पीसीआयई अडॅप्टरवर. या बोर्डाच्या बायोसला एनव्हीएमईवरून बूट करता येत नाही, म्हणून तो फक्त डेटासाठी. खालचा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटाची वाट), पण आत चारच लेन आहेत, त्याही चिपसेटच्या पीसीआयई २.० च्या. म्हणजे कमाल मर्यादा सेकंदाला २ जीबी, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. चिपसेट ते सीपीयू ही वाटही तेवढीच रुंद आणि साटा डिस्कही तिच्यातूनच जातात. त्यामुळे सर्वांत वेगवान एनव्हीएमई इथे वाया जाईल, साधा घ्यावा. एक खबरदारी: एम.२ आकाराचा साटा एसएसडी या अडॅप्टरवर चालत नाही. आकार तोच, भाषा वेगळी.

एसएसडीचा खरा उपयोग दिसतो तो प्रोजेक्ट उघडताना, थंबनेल आणि ऑडिओच्या लहरी तयार होताना आणि तीन-चार क्लिप एकदम वाचताना. तिथे हार्ड डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावत राहतं.

रॅम

४ × ८ जीबी, एकूण ३२. हॅस्वेलची कमाल मर्यादा हीच. पट्ट्या १६०० मेगाहर्ट्झच्या, १.५ व्होल्ट किंवा १.३५ व्होल्टच्या डीडीआर३एल, दोन्ही चालतात. एच८१वर दोनच स्लॉट, म्हणजे १६ जीबीवर थांबावं लागतं.

घोटाळा होतो तो जुन्या बाजारातल्या पट्ट्यांत. सर्व्हरमधून निघालेली 'रजिस्टर्ड' ईसीसी रॅम खाचेत बसते, पण मशीन सुरू होत नाही. ८ जीबीच्या काही पट्ट्यांवर 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेलं असतं, त्या इंटेलवर ओळखल्याच जात नाहीत. पट्टी घेताना चिपचा क्रमांक दिसेल असा फोटो मागावा. लावल्यावर मेमटेस्ट८६ यूएसबीवरून चालवून चारही पास पूर्ण होऊ द्यावेत. एकही चूक आली तर ती पट्टी परत. एडिटिंगमध्ये खराब रॅम लगेच क्रॅश करेलच असं नाही. एक्स्पोर्टच्या मध्येच एखाद्या फ्रेमवर चौकटी उमटतात आणि दोष कोडेकवर जातो.

प्रोसेसर

आय७-४७९०: ४ कोअर, ८ थ्रेड, ३.६ गिगाहर्ट्झ, टर्बोला ४. उष्णतेचं रेटिंग आय५सारखंच ८४ वॉट, त्यामुळे कूलर आणि एसएमपीएस तेच राहतात. ४७९० हा २०१४चा हॅस्वेल रिफ्रेश आहे. बोर्डाचं बायोस २०१३चं असेल तर त्याला हा ओळखता येत नाही आणि पडदा काळा राहतो. म्हणून बायोस अपडेट जुना सीपीयू जागेवर असतानाच करायचं. ते जमत नसेल तर आय७-४७७० घ्या, फरक नगण्य. 'के' अक्षराच्या मॉडेलला जास्त पैसे देऊ नका, क्यू८७वर गुणक (सीपीयूचा वेग ठरवणारा आकडा) वाढवता येत नाही. झिऑन ई३-१२३१ व्ही३ स्वस्त वाटतो, पण त्यात आतलं ग्राफिक नाही, म्हणजे क्विक सिंकही गेलं.

नवीन ग्राफिक कार्ड लावल्यावर बरेच बायोस आतलं ग्राफिक आपोआप बंद करतात. 'मल्टी मॉनिटर' हा पर्याय चालू ठेवला की ते जिवंत राहतं आणि कॅमेऱ्याचं एच.२६४ तिकडे सोपवता येतं.

ग्राफिक कार्ड: सगळ्यात जास्त विचार इथे

प्रश्न दोन: कार्ड कोणतं फुटेज उलगडतं, आणि एसएमपीएसला झेपतं का.

वीज आधी. सीपीयू ८४, कार्ड ७५, बोर्ड-रॅम-डिस्क-फॅन मिळून ५० धरले तर २०९ वॉट. २९० मध्ये बसतं, पण याहून मोठ्या कार्डाला जागा नाही. बरं, या टॉवरच्या बोर्डावर नेहमीचा २४ पिनचा सॉकेटही नाही, ८ पिनचा आहे, त्यामुळे एसएमपीएस बदलायचा तर मधला अडॅप्टर आणि तारांची जुळणी दोन्ही तपासावी लागते. म्हणून मर्यादा ठरली: ७५ वॉटपर्यंतचं, सगळी वीज स्लॉटमधूनच घेणारं कार्ड.

साटा पॉवरमधून ६ पिन काढणारा अडॅप्टर वापरू नका. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. ६ पिनमधून कार्ड ७५ वॉट मागू शकतं. लांब एक्स्पोर्टमध्ये प्लग मऊ पडतो, मग वितळतो.

आता डिकोडर. जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० दोन्ही ४ जीबीची, दोन्ही १०-बिट एचईव्हीसी ४:२:० (रंगाची किती माहिती साठवली ते हे आकडे सांगतात) उलगडतात. आरएक्स ६४०० आकाराने छान, पण त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही आणि लेन फक्त चार, जुन्या पीसीआयईवर त्या आणखी तोकड्या पडतात. एडिटिंगसाठी नको. इंटेल आर्कचे डिकोडर उत्तम, पण त्याला रिसाइझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा पर्याय) हवा, जो या काळच्या बोर्डांवर मिळत नाही.

निवडलं ते आरटीएक्स ३०५०, ६ जीबीचं, ७० वॉट. एव्ही१ ही व्हिडिओ दाबण्याची नवी पद्धतसुद्धा उलगडतं. नाव बघून ८ जीबीचं उचलू नका, ते १३० वॉटचं आहे आणि त्याला वेगळी पिन लागते. ६ जीबीच्या कार्डाच्याही कडेचा फोटो बघून पिन नाही याची खात्री करा. कार्ड दोन स्लॉट जाड आहे, शेजारचा स्लॉट झाकला जातो. एनव्हीएमईचा अडॅप्टर कुठे जाणार हे आधी मोजून ठेवा.

कार्ड बसवल्यावर पडदा काळा राहिला. केबल बोर्डाच्या पोर्टला लावून बायोसमध्ये गेल्यावर कारण दिसलं: बूट मोड लेगसीवर (जुन्या पद्धतीवर) होता. यूईएफआय (नवी पद्धत) केल्यावर चित्र आलं. त्यासाठी सिस्टिम डिस्क जुन्या एमबीआरऐवजी जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवण्याची नवी पद्धत) असावी लागते. विंडोज १० मधलं 'एमबीआर टू जीपीटी' हे साधन डेटा न पुसता ते करतं, तरीही बॅकअप आधी.

मग परत तीच क्लिप, तेच आलेख. आता टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर 'व्हिडिओ डिकोड' हलतो आणि सीपीयू खाली येतो. आलेख सपाट राहिला तर सॉफ्टवेअरच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद आहे, किंवा फुटेज ४:२:२ आहे. १०-बिट ४:२:२ हे कार्ड उलगडत नाही, अशा फुटेजला प्रॉक्सीच हवी.

प्रॉक्सी

कार्ड आल्यावरही प्रॉक्सी सोडलेली नाही, विशेषतः तीन ट्रॅकवर. १०८०पी २५ला डीएनएक्सएचडी ३६ (एडिटिंगसाठीचा कोडेक) म्हणजे सेकंदाला ३६ मेगाबिट, ताशी साधारण १६ जीबी. यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने उलटं चालवलं तरी मशीन अडखळत नाही. फोनचं फुटेज बदलत्या फ्रेम रेटचं असतं, ते आयात करण्याआधीच स्थिर २५ किंवा ३० फ्रेममध्ये बदलून घ्यावं. नाहीतर सुरुवातीला जुळलेला आवाज दहाव्या मिनिटाला ओठांच्या मागे पडतो, आणि क्लिप कापून जुळवत बसलात तर पुढे परत सुटतो.

बाकी

एनव्हीएमई अडॅप्टर बसवायचा आहे. तासाभराच्या सलग एक्स्पोर्टमध्ये सीपीयू आणि कार्डाचं तापमान नोंदवायचं आहे. पुढच्या जाळीमागे १२० मिमीचा फॅन लावायचा आहे, पण बोर्डावरची फॅनची पिनरचना कंपनीची स्वतःची असल्याने त्याला वीज साटामधून द्यावी लागेल. ३ वॉटच्या फॅनला ती वाट बिनधोक आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या यादीत हॅस्वेल नाही, त्यामुळे हे मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त एडिटिंगला ठेवायचं आणि फुटेज बाहेरच्या डिस्कवरून आणायचं ठरलं आहे. त्या डिस्कसाठी मागचे यूएसबी ३.० पोर्ट वापरायचे. समोरचे काळे पोर्ट २.० चे आहेत, तिथे ६४ जीबीचं कार्ड उतरवायला अर्धा तास सहज जातो.