आमची वाटचाल : रिपोर्ट टायपिंगपासून मांडीच्या हाडापर्यंत

आमचं काम सुरू झालं इंदूरला रामबागेत, एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक सदा अडकणारा प्रिंटर. सोनोग्राफी सेंटरवाल्यांना रिपोर्टचं सॉफ्टवेअर द्यायचो, पोटातल्या बाळाची मापं, म्हणजे बीपीडी (डोक्याची रुंदी), एचसी (डोक्याचा घेर), एसी (पोटाचा घेर), एफएल (मांडीच्या हाडाची लांबी) भरा आणि प्रिंट काढा, बस. मग भाचा एसजीएसआयटीएस या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पास होऊन आला आणि म्हणे, मामा, हे आकडे माणसाने भरायचेच कशाला, डोकं, पोट, मांडीचं हाड कुठंय ते मशीन लर्निंगनं फोटोतच सापडतं.

नेदरलँड्सवाल्यांनी बाळाच्या डोक्याचे 1334 सोनोग्राफी फोटो खुले ठेवलेत, एचसी18 नावानं. त्यावर यू-नेट चालवलं, फोटोतला हवा तो भाग वेगळा काढणारं 2015 चंच मॉडेल, पण डोक्याभोवती अशी झकास लंबगोल रेघ आली की मला वाटलं झालंच काम! मग ओळखीच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमकडून, बायकांची परवानगी घेऊन, नाव-गाव पुसलेले इथले जुने फोटो घेतले, आम्ही घरी बसून हाड, पोट कुठंय ते दाखवणारे चौकोन काढले, मॅडमनी तपासले, आणि त्यावर मॉडेलला शिकवलं. मांडीचं हाड तर दरवेळी बरोब्बर.

डेमोला मॅडमनी पोह्यांची प्लेट बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, माप घ्यायच्या आधीचा फोटो टाका बघू." टाकला, तर चौकोन भलतीकडेच. आमच्याकडचे सगळे फोटो माप घेतल्यावर सेव्ह केलेले, म्हणजे हाडाच्या दोन टोकांना कॅलिपरच्या, म्हणजे मशीनवर माप घेताना ठेवतात त्या, प्लसच्या खुणा आणि मधे ठिपक्यांची रेघ, मॉडेल हाड नाही, त्या खुणा शोधत होतं! भाचा दोन दिवस बोलला नाही कुणाशी. खुणा नसलेले फोटो नव्यानं गोळा करण्यात आणि परत चौकोन काढण्यात पाऊसकाळ गेला अख्खा.

आणखी एक गंमत. फोटो कमी पडतात म्हणून भाच्याने तेच वर-खाली उलटे करून वाढवले होते. आता हाडाची काळी सावली नेहमी प्रोबपासून (पोटावर फिरवतात ते यंत्र) लांब, हाडाच्या मागेच पडते, ह्याच्या फोटोत ती उलटी प्रोबकडे! तेही काढून टाकलं.

नातेवाईकांत लग्न असलं की कुणीतरी कोपऱ्यात घेऊन विचारतंच, तुमचं ते मुलगा-मुलगी पण सांगतं का हो. नाही सांगत. 1994 चा गर्भलिंग सांगायला बंदी करणारा कायदा आहेच, पण आम्ही तसले फोटो ट्रेनिंगमध्ये घेतलेच नाहीत, म्हणजे विचारलं तरी मॉडेलला ते ठाऊकच नाही.

आता दोन-तीन सेंटरला लावलंय. पोटाचा फोटो बरोबर पातळीवर आहे का, म्हणजे जठराचा काळा फुगा आणि नाळेची शीर दिसते का, एवढं सांगतं, माप मॅडम स्वतःच बघून पक्कं करतात. बाळ पाठ वर करून बसलं की मात्र कण्याची सावली हृदयावर आणि पोटावरही पडते आणि आमचं सॉफ्टवेअर गप्प. मग मॅडम बाईला म्हणतात, जा, काहीतरी खाऊन या, एक चक्कर मारून या, आणि अर्ध्या तासानं परत बोलावतात.