आमची वाटचाल : हायब्रिड अ‍ॅम्पच्या भरवशावर

पुण्यात गिटार अ‍ॅम्पची दुरुस्ती हे आमचं मूळ काम. अ‍ॅम्प भाड्याने देणं त्यातूनच वाढलं. भाड्यासाठी कोणते अ‍ॅम्प ठेवायचे हे ठरवताना दुरुस्तीच्या टेबलावरचा अनुभवच कामी आला. वाहतुकीत टिकणारे, ड्रमसेटसमोर न दबणारे आणि तरीही बोटाखाली जिवंत वाटणारे अ‍ॅम्प बहुतेक वेळा हायब्रिड निघतात, म्हणजे काही भाग व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) आणि काही ट्रान्झिस्टरचा. बाजारात त्यांना मान नाही, म्हणून ते स्वस्तात मिळतात. आमच्या मते हा मान त्यांना मिळायलाच हवा.

ग्राहक विचारतात, “आत व्हॉल्व्ह आहे ना?” आम्ही आधी तो कुठे आहे ते सांगतो. मार्शलच्या १९९०च्या दशकातल्या व्हॉल्व्हस्टेट ८०८० आणि ८१०० मध्ये प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे आवाज घडवणाऱ्या पहिल्या भागात, एकच ईसीसी८३ हा छोटा व्हॉल्व्ह आहे आणि स्पीकरला ताकद देणारा पॉवर अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा. ‘डेथ’ या मेटल बँडचा गिटारवादक चक शुल्डिनर ८१०० वरच वाजवायचा. १९७०च्या दशकातले म्युझिक मॅन कंपनीचे अ‍ॅम्प बरोबर उलटे: प्रीअ‍ॅम्प सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा), शेवटी मोठे पॉवर व्हॉल्व्ह. त्यांचा एचडी-१३० एरिक क्लॅप्टनने स्टेजवर वापरला.

स्टेजवरचा खरा फरक स्पीकरपाशी पडतो. ८ ओहमचा स्पीकर सगळ्या स्वरांना ८ ओहम नसतो. खाली साधारण ७० ते ११० हर्ट्झच्या दरम्यान त्याचा अडथळा कित्येक पटींनी वाढतो आणि वरच्या पट्टीतही चढत जातो. व्हॉल्व्हचा पॉवर अ‍ॅम्प या चढउतारांना थोडी मोकळीक देतो, त्यामुळे खर्ज भरीव आणि तार धारदार लागते. साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प जोरदार फीडबॅकने (आउटपुट परत इनपुटशी ताडून) व्होल्टेज घट्ट धरून ठेवतो आणि आवाज कोरडा पडतो. व्हॉल्व्हस्टेटच्या पॉवर भागात स्पीकरमधल्या करंटचाही फीडबॅक घेतला आहे, म्हणून तो बँडमध्ये हरवत नाही. यात त्या एकट्या ईसीसी८३चा वाटा लोक समजतात त्याहून बराच कमी आहे.

जुना कॉम्बो (एकाच पेटीत अ‍ॅम्प आणि स्पीकर) आला की पहिल्यांदा तो सिरीज बोर्डवर, १०० वॅटच्या साध्या पिवळ्या बल्बमधून चालू करतो. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक. तसाच भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता ट्रान्झिस्टर आउटपुटवर डीसी मोजतो. दहा-वीस मिलिव्होल्ट चालतात, पण काही व्होल्ट असतील तर बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असतो आणि जोडल्यावर स्पीकरची कॉइल जळू शकते. आवाज येतो-जातो ही तक्रार असेल तर मागचे सेंड आणि रिटर्न (बाहेरचे इफेक्ट जोडायचे जॅक) एका छोट्या केबलने जोडा. आवाज परतला तर दोष रिटर्न जॅकच्या गंजलेल्या आतल्या पत्तीचा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, भागलं नाही तर जॅक बदलायचा. पावसाळ्यानंतर अशी कामं हमखास येतात.

म्युझिक मॅनचं काम अधिक जपून करावं लागतं. पूर्ण ताकदीवर पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटला सुमारे ७०० व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. नंतरच्या मॉडेलांत पॉवर व्हॉल्व्हला कॅथोड या टोकाकडून ट्रान्झिस्टर चालवतात. व्हॉल्व्ह शॉर्ट झाला की तो ट्रान्झिस्टरही घेऊन जातो, म्हणून आधी ट्रान्झिस्टर तपासून मगच नवे व्हॉल्व्ह बसवावेत. १२० व्होल्टचा अमेरिकन अ‍ॅम्प असेल तर आम्ही किमान ५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर देतो.

स्पीकरचे नियम दोन्ही जातींचे वेगळे आहेत आणि गफलत इथेच होते. ट्रान्झिस्टर आउटपुटला लिहिलेल्या ओहमपेक्षा जास्त ओहमचा स्पीकर चालतो, फक्त ताकद कमी मिळते. त्याहून कमी ओहमचा मात्र कधीच लावू नये. व्हॉल्व्ह आउटपुट स्पीकरशिवाय वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टर आउटपुटच्या नियमाचं उत्तम उदाहरण म्हणजे व्हॉक्सचा एमव्ही५०. जेमतेम अर्ध्या किलोचा हा न्यूट्यूबवाला (चपट्या, छोट्या आधुनिक व्हॉल्व्हचा) हेड, म्हणजे स्पीकर नसलेला अ‍ॅम्प, ४ ओहमला ५० वॅट देतो, ८ ला २५ आणि १६ ला १२.५. स्पीकरचं कॅबिनेट बदललं की आवाज का पडला, हे वादकाला आधीच सांगितलेलं बरं.

गणपतीतले मंडप आणि लॉनवरचे कार्यक्रम जनरेटरवर चालतात. २३० व्होल्टला ६.३ व्होल्ट मिळणारा फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) २०० ला साडेपाचवर येतो आणि २६० ला सातच्या वर जातो. पूर्ण व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये हा ताण सगळ्या नळ्यांवर येतो, तर व्हॉल्व्हस्टेटसारख्यात एकाच छोट्या नळीवर. ती वाजायला लागली, म्हणजे पेन्सिलने टोकल्यावर स्पीकरमधून टणटण आली, तर पाच मिनिटांत बदलता येते. म्हणून भाड्याच्या प्रत्येक अ‍ॅम्पसोबत एक जादा ईसीसी८३, एक स्पीकर केबल, योग्य अँपियरचे फ्यूज आणि मीटर जातो. गिटार लावल्यावर तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये एसी व्होल्टेज मोजायचं. काही व्होल्टांपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत गायकाला माइकजवळ जाऊ द्यायचं नाही.