चढ नाही, मग सायकल कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट लिहून टाकते, कारण हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. साताऱ्याहून दादा फोनवर विचारतो, "अगं तिकडं एक तरी चढ आहे का? मग एवढी भारी सायकल घेऊन करतेस काय?" तो रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट सायकलवर चढतो आणि आमचं गावच हिल मॅरेथॉनवालं, तिथे चढ नसेल तर त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. आणि इकडे शिकागोच्या सबर्बमध्ये गणपतीत जेवायला बसलं की शेजारी कुणी ना कुणी विचारतंच, ग्रॅव्हल बाइक म्हणजे नक्की काय हो, आणि सगळं सपाटच आहे तर कंटाळा नाही येत?

नाही येत. सात वर्षं झाली, अजून नाही आला.

आधी सायकलचं सांगते. हँडल रेसिंगच्या सायकलसारखं खाली वळलेलं असतं पण टायर चांगले जाड, माझे ४० मिलिमीटरचे आहेत, रोड सायकलला साधारण २५ ते ३२ असतात. आत ट्यूब नाही, सीलंट म्हणजे भोक बुजवणारा चिकट द्रव भरलेला असतो, त्यामुळे बारीक काटा घुसला तर भोक आपोआप बुजतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हवा मी ३५ पीएसआयच्या आसपास ठेवते, जास्त भरली की हाताला नुसते हादरे बसतात. आणि ट्रेलवर, म्हणजे चालायला आणि सायकलला राखलेल्या वाटेवर, काय असतं तर चुनखडीच्या दगडाची बारीक कच, पाणी मारून रोलरने दाबलेली. आपल्याकडे बांधकामावर कच येते ना तशीच, फक्त आपली काळ्या दगडाची आणि ही पांढरट. कोरडी असली की टायरखाली एकसारखा कुर्रर्र आवाज येत राहतो, मला तो आवाज इतका आवडतो की मी कानात काही घालतच नाही.

मी जास्त करून जाते ती इलिनॉय प्रेअरी पाथ नावाच्या ट्रेलवर. सगळे फाटे धरून साधारण १०० किलोमीटर होतो. व्हीटन गावात तो फुटतो, एक वाट शिकागोच्या बाजूला, एक नैऋत्येला ऑरोराकडे, एक वायव्येला एल्जिनकडे. हा सपाट का आहे ते कळलं तेव्हा मला त्याच्याबद्दल वेगळंच वाटायला लागलं. इथली जमीन हिमनद्यांनी आधीच बरीचशी सपाट करून ठेवलीय, पण ट्रेल सपाट आहे तो मुख्यतः ही रेल्वेची जुनी लाइन आहे म्हणून. शिकागो ऑरोरा अँड एल्जिन नावाची विजेवर चालणारी गाडी १९०२ पासून इथून धावायची, आणि रेल्वेला चढ परवडत नाही, त्यामुळे जिथे उंचवटा तिथे कापून आणि जिथे खोलगट तिथे भराव टाकून लाइन एका पातळीत आणलेली. ३ जुलै १९५७ ला भर दुपारी प्रवासी गाड्या अचानक बंद झाल्या. सकाळी त्याच गाडीने शिकागोला कामाला गेलेली माणसं संध्याकाळी घरी जायला निघाली तर गाडीच नाही! मी स्वतः रोज ट्रेनने ऑफिसला जाते त्यामुळे हे वाचलं तेव्हा पोटात गलबललं. दोन वर्षांत मालगाड्याही थांबल्या, १९६१ मध्ये लाइन कायमची सोडून दिली, आणि जमिनीची एवढी लांब पट्टी शहराच्या इतक्या जवळ मोकळी पडली म्हटल्यावर तिच्यावर डोळा ठेवणारे काय कमी असतील.

ती वाचली एका पत्रामुळे. मे थीलगार्ड वॉट्स नावाच्या बाई, लाइल गावच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये, म्हणजे झाडांच्या मोठ्या बागेत, निसर्ग शिकवायच्या, इंग्लंडमधल्या पायवाटा चालून आलेल्या. त्यांनी १९६३ मध्ये शिकागो ट्रिब्यूनला वाचकांच्या पत्रात लिहिलं की या लाइनची सगळ्यांसाठी पायवाट करा आणि आत्ताच करा, नंतर जमीन उरणार नाही. त्यातून माणसं जमली, संस्था झाली, काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कारभाराला, पटवलं, आणि रेल्वेलाइनचा ट्रेल करणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक ठरलं. आजही स्वयंसेवक येऊन फांद्या छाटतात, बाहेरून आलेली रानटी झुडपं उपटतात. पेपरातल्या एका पत्राने एवढं होऊ शकतं हे मी माझ्या मुलीला तिथेच, ट्रेलवर उभी राहून सांगितलंय.

आता दादाचा मुद्दा, म्हणजे सपाटीवर मेहनत काय. दादा, घाट चढताना दम निघतो मान्य, पण वर पोचलास की उतारावर तू बसून येतोस, पाय थांबलेले असतात. इथे उतारच नाही त्यामुळे पॅडल थांबवलं की पाच-दहा सेकंदांत सायकल रेंगाळायला लागते, कचवर तर आणखीच लवकर. व्हीटन ते ऑरोरा साधारण २१ किलोमीटर आणि तेवढेच परत, रस्ते ओलांडायला थांबायचं ते सोडलं तर पाय सतत फिरत असतात, दीड-दोन तास एकाच जागी बसून एकाच लयीत. पहिल्या वर्षी माझी पाठ आणि तळहात इतके भरून यायचे की दुसऱ्या दिवशी कुकरचं झाकण लावताना हात दुखायचा.

आणि वारा. वारा हा इथला घाट आहे. आपण ताशी २० च्या वेगाने चाललोय आणि समोरून २० चा वारा आला तर हवेचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. घाटात निदान वळणापलीकडे माथा दिसतो, वाऱ्याला माथा नसतो, तो संपणार कधी ते कुणी सांगू शकत नाही, मग खाली वाकायचं, हलका गिअर टाकायचा आणि पुढचं झाड तेवढं बघायचं. जिथे दोन्ही बाजूंना झाडी आहे तिथे एकदम शांत, आणि झाडी संपून मोकळं लागलं की कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलल्यासारखं होतं. मला हे आवडतं, अगदी मनापासून आवडतं.

एक चूक मात्र सांगायलाच हवी. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये पहिल्यांदा ऊन पडलं आणि मी न राहवून निघाले. हिवाळाभर गोठलेली जमीन तेव्हा वरून सुटत असते आणि खाली अजून बर्फच असतो, पाणी मुरायला जागा नाही, त्यामुळे वरची कच लापशीसारखी मऊ होते. माझं चाक बोटभर रुतत होतं तरी मी रेटत राहिले, मागे वळून बघितलं तर लांबपर्यंत एक चर पडलेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा थंडी आली आणि ती चर तशीच दगडासारखी गोठून राहिली, एक आजोबा काठी घेऊन तिच्या कडेकडेने जपून चालत होते ते मी बघितलं. तेव्हापासून बर्फ सुटायच्या दिवसांत मी डांबरी ट्रेलवर जाते, कचच्या वाटेवर पाय ठेवत नाही. तुम्हीही जाऊ नका, प्लीज. वाळेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबावं लागतं तेवढंच.

कंटाळा का येत नाही याचं खरं उत्तर मे-जूनमध्ये आहे. पाणथळ जागी पाणकणसांत रेड-विंग्ड ब्लॅकबर्डची घरटी असतात, काळाकुळकुळीत पक्षी आणि खांद्यावर लाल-पिवळा पट्टा, आपली टिटवी कशी माळावर अंगावर धावून येते तसा हा हेल्मेटवर येऊन टोचतो. मी त्या टप्प्यात वेग वाढवत नाही, सरळ निघून जाते, घर त्याचं आहे. गेल्या जूनमध्ये ऑरोराच्या फाट्यावर ट्रेलच्या कडेला एक स्नॅपिंग कासवीण बसलेली दिसली, परातीएवढी पाठ, त्यावर शेवाळं. मागच्या पायांनी कच उकरत होती, एकदा उजवा एकदा डावा, न बघता, आणि मग एकेक अंडं खाली सोडत होती, पांढरं, गोल, टेबल टेनिसच्या बॉलसारखं, आणि प्रत्येक अंडं पायाने अलगद सरकवून जागेवर लावत होती. मी सायकल आडवी टाकून वीस-पंचवीस मिनिटं लांब उभी राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाताने बाजूने जा म्हणून खुणावत. ताशी ४० ने घाट उतरताना हे मला दिसलं नसतं.

आणि जुलैत फुलं. इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात पण मूळचं गवताळ रान जवळजवळ सगळं नांगराखाली गेलं, जे तुकडे उरले त्यातले कितीतरी रेल्वेच्या कडेला, कारण तिथे कुणी नांगर घातला नाही. कंपास प्लांट म्हणून एक उंच झाड येतं, पिवळी फुलं, पानं उभी आणि कडा उत्तर-दक्षिण धरून, मूळ दहा-पंधरा फूट खोल. कासच्या सड्यावर बोटभर मातीत फुलं येतात आणि इथे मुळं माणसाच्या दुप्पट खाली जातात, पण दोन्हीकडे लोक वाटेवरूनच चाला म्हणून पाट्या लावतात.

दादा पुढच्या जूनमध्ये येतोय. त्याच्या उंचीची सायकल भाड्याने बघून ठेवलीय, वजन जास्त आहे म्हणून टायरमध्ये ४२ पर्यंत हवा भरेन. वारा बऱ्याचदा पश्चिमेकडून असतो, म्हणून व्हीटनहून सकाळी सातला ऑरोराच्या दिशेने निघायचं, जाताना तोंडावर घ्यायचा आणि येताना पाठीवर. कासवाची जागा मी त्याला दाखवणार आहे.