घोडीची तारीख आधी, वरातीची नंतर

गोव्यात पेडण्याकडे घोडा म्हटला की लोकांना शिगम्यातली घोडेमोडणी आठवते. कमरेला बांधलेला लाकडी घोडा, हातात तलवार. खऱ्या घोड्यांवर पोट भरणारी घरं इथे फारशी नव्हती. माझे यजमान मूळचे नंदुरबारकडचे, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लहानाचे मोठे झालेले. तिथूनच दोन मारवाडी घोड्या आणून आम्ही तबेला उभा केला. सुरुवातीला मुलांना रपेट शिकवायची, एवढाच बेत होता. मग किनाऱ्यावरच्या हॉटेलांत उत्तरेकडची लग्नं वाढली, जानेवारी 2023 पासून मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरू लागली आणि वरातीची मागणी दारात आली. त्या लोकांना नवरदेवासाठी घोडीच लागते.

घोडी साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि पाच ते सात दिवस माजात राहते. हे चक्र दिवसाच्या उजेडावर चालतं. थंडीत दिवस लहान झाले की उत्तरेकडच्या बऱ्याच घोड्यांचा माज थांबतो. गोव्यात मात्र डिसेंबरातला दिवसही 11 तासांहून मोठा असतो आणि आमच्या घोड्या ऐन लग्नसराईत माजावर येतात. आमच्या चांदणी घोडीचा माज लांबूनच कळतो. शेपूट वर, मागचे पाय फाकलेले, थोडी थोडी लघवी, शेजारचा खच्ची घोडा दिसला की किंचाळणं. खरारा करताना कुशीला हात लागला तरी पाय आपटते. अशा दिवसांत तिला ढोल-फटाक्यांत न्यायचं नाही आणि तिच्यावर नवरदेव बसवायचा नाही, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. त्यासाठी प्रत्येक घोडीच्या खुणा मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर वेगळ्या रंगात करते.

या खुणांचा खरा उपयोग आमच्या दुसऱ्या एका घोडीच्या, बिजलीच्या वेळी झाला. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की तिचे कान मागे जात आणि ती चावायला येई. बघणारा जो तो म्हणे, "वहिनी, माजावर आलीय ती." पण तिचा राग 21 दिवसांच्या हिशेबात बसेना. माज नसतानाही चावे, आणि फक्त खोगीर चढवतानाच. पशुवैद्यांनी तिच्या पाठीवरून बोटं दाबत नेली. डाव्या बाजूला एका जागी बोट टेकताच बिजलीने पाठ खाली झुकवली. जरीच्या खोगिराचा सांगाडा नेमका तिथे रुतत होता. तिच्या मापाचं खोगीर करून घेतलं, पाठ बरी होईपर्यंत तिला मोकळं ठेवलं. आता तंग आवळताना ती गवत चघळत उभी असते. घोडीच्या प्रत्येक रागाला माज म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आधी पाठ बघा, दात बघा, खूर बघा, पोटात अल्सर नाहीत ना ते तपासून घ्या.

चांदणीचा त्रास मात्र खरोखर माजाचाच होता. एका हंगामात पशुवैद्यांनी तिला अल्ट्रेनोजेस्ट सुरू केलं. हे औषध रोज तोंडातून द्यायचं, जोवर चालू तोवर माज दबून राहतो. ते कातडीतून माणसाच्या अंगातही उतरतं, म्हणून बायकांनी, त्यातही गरोदर बाईने, त्याला हात लावू नये. आमच्याकडे ते यजमानच देतात, तेही हातमोजे घालून. माज थांबवायला गर्भाशयात काचेची गोटी ठेवा, असाही सल्ला मिळाला होता. गोटी आत फुटून घोडीला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा तो विषय आम्ही तिथेच संपवला. आणि घोडी जर इतर घोड्यांवर चढू लागली, अंगावर धावून येऊ लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. बीजांडकोशात गाठ असू शकते, सोनोग्राफी करून घ्या.

एका लग्न-नियोजकाला वरातीत घोडीच्या बरोबरीने खच्ची न केलेला घोडा हवा होता. आम्ही नाही म्हटलं, काम गेलं. आज तबेल्यात चार घोड्या आणि दोन खच्ची घोडे आहेत. ठरलेली घोडी माजावर असेल तर दुसरी येईल, हे बुकिंगच्या पावतीवरच छापलेलं असतं. पांढरीच हवी म्हणून अडून बसणाऱ्यांना मी कालनिर्णय बघून दुसरी तारीख सुचवते, नाहीतर आगाऊ रक्कम परत करते.

चांदणीला एक शिंगरू व्हावं असं आता मनात आहे. घोडी 11 महिने गाभण असते, म्हणजे एक लग्नसराई तिच्याविना काढावी लागणार. तिच्या जागेसाठी निवडलेली लहान घोडी सध्या रोज संध्याकाळी ढोलाच्या आवाजाला सरावते आहे.