आबांची गिरणी

आबांना जाऊन वर्ष होत आलं, पण नंदुरबारला उतरलं की पथारीवर वाळणाऱ्या लाल मिरच्यांचा ठसका लागतो आन् वाटतं आत्ता गिरणीतून हाक येईल. एक पिठाची चक्की, बाजूला मिरची कांडप, एवढाच धंदा. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचं दळण आलं की डब्यात हात घालूनच सांगायचे, उडीद कमी पडले बाई, भाकर तुटंल, आन् तुटायचीच! उधारीची वही होती म्हणे, मी कधी उघडलेली पाहिली नाही. कोणी खिसे चाचपले की, "राहू दे भो, मंग देजो." आजी यावरून रोज भांडायची (बरोबरच होतं तिचं, लाईटबिल तीच भरायची). त्यांची टोपी अजून खुंटीवर आहे, झटकली तर पीठ पडतं, म्हणून कोणी झटकत नाही.